दोरीएवढं अंतर

४ सप्टेंबर

प्रिय आत्या,

फोनवर माणूस ‘हो, हो, बरं चाललंय’ म्हणून सुटतो, हे तुझं म्हणणं मला आता पटलं. शिवाय आमच्या घरचा फोन स्वयंपाकघराच्या दारात. मी एक शब्द बोलले की आतली भांडी वाजायची थांबतात. म्हणून दुकानात जेवणाच्या सुट्टीत हे लिहितेय. उत्तरही दुकानाच्याच पत्त्यावर पाठव. घरी आलेलं पत्र आईकडून नेहमी ‘चुकून’ फुटतं.

तर एक मुलगा आहे. आता तू शिलाई मशीनच्या पायडलवरून पाय उचलला असशील, म्हणून सावकाश सांगते.

चष्म्याच्या दुकानात माणसं दोनच तक्रारी घेऊन येतात. जवळचं दिसत नाही, नाहीतर लांबचं दिसत नाही. हा आला आणि म्हणाला, मधलं दिसत नाही. खिशातून एक दोरी काढली, दोन्ही टोकांना गाठी मारलेल्या. एक गाठ स्वतःच्या डोळ्याच्या कोपऱ्याशी धरली आणि दुसरी काउंटरवरून पुढे ताणली, ती थेट माझ्या नाकाशी आली. म्हणाला, एवढ्या अंतरावरचा कागद दिव्याखाली स्वच्छ दिसायला हवा, त्याच्या पलीकडचं काही दिसलं नाही तरी चालेल. कसला कागद, मी विचारलं. पियानोवरचा, म्हणाला.

झालं. आमच्या मालकीणबाईंनी त्याला तिथल्या तिथे ‘कलावंत’ करून टाकलं. खुर्ची पुढे केली, चहा मागवला. मी त्याच्या त्या अंतराच्या काचा बसवून दिल्या. तो चष्मा मी स्वतः लावून पाहिला तर समोरचा कागद लख्ख आणि रस्त्यावरची माणसं नुसती धुरकट. दोरी तो काउंटरवर विसरून गेला. ती माझ्या खणात आहे.

दिवसा तो पियानो दुरुस्तीच्या कारखान्यात काम करतो आणि संध्याकाळी सभागृहात असतो. त्याच्या चष्म्याची दांडी दर आठवड्याला सैल होते. मी ती मुद्दामच पूर्ण आवळत नाही, हे तुला म्हणून सांगते.

वीस तारखेला मोठ्या सभागृहात पियानोचा कार्यक्रम आहे. म्हणाला, मी पियानोपाशीच असेन, मला एक पास मिळतो, येशील? एकच पास, म्हणजे मी एकटीनेच जायचं. मी आजवर असल्या ठिकाणी गेलेली नाही. आईला सांगून टाकलं की पियानोवादक आहे. त्यावर पोट भरतं का, तिने विचारलं. मी म्हटलं, मोठ्या सभागृहात वाजवतो, लोक तिकीट काढून येतात. तिचा आवाज एकदम खालच्या पट्टीत आला. काय मजा वाटली म्हणून सांगू!

काय घालू ते कळव. काकांना नमस्कार. त्यांच्या बऱ्या कानात सांग.

तुझी
ठमी


९ सप्टेंबर

ठमे,

तुझं पत्र वाचलं आणि शाळेच्या गणवेशाच्या एका बाहीला दोनदा शिवण मारून बसले. उसवावी लागली. त्याचं पाप तुझ्या माथी.

मुलगा बरा दिसतोय. दोरी घेऊन दुकानात येणारा माणूस मापाचा पक्का असतो, मला असली गिऱ्हाइकं आवडतात. बाकीचे ‘अंदाजे शिवा’ म्हणतात आणि मग माझ्या नावाने बोटं मोडतात. पण एक विचारते, राग मानू नकोस. तू त्याला वाजवताना एकदा तरी ऐकलंयस का? नाही म्हणजे, तू लहानपणापासून हरभऱ्याच्या झाडावर कुणी चढवायची वाट बघत नाहीस, स्वतःच शिडी लावून चढतेस.

आता हे मी कोणत्या तोंडाने सांगतेय ते विचारू नकोस. समोरच्या डॉक्टरीणबाई फाटलेला कोट घेऊन आल्या होत्या, त्यांना मी तुझ्या पियानोवाल्याबद्दल सांगून बसलेय. त्यांची मुलगी कुण्या बँकवाल्याला दिलीय म्हणून वर्षभर नाक वर करून चालतात. त्यांचं नाक दोन बोटं तरी खाली आलं. तुझ्या काकांनी हे सगळं ऐकून एवढंच विचारलं की पियानो घरात मावेल का.

सोबत पार्सल आहे. पिवळा ड्रेस. अगदी हळदीपिवळा. पांढरा-करडा घालून त्या गर्दीत विरघळून जाऊ नकोस. त्याला आधीच सांगून ठेव की मी पिवळ्यात असेन, म्हणजे मंचावरून मान वर केली की सापडशील. कमरेत एक बोट सैल ठेवलाय. ताठ बसायचं, खुर्चीत मुटकुळं करायचं नाही.

सविस्तर लिही. काय वाजवलं ते मला कळणार नाही, पण तुझं काय झालं ते कळेल.

तुझी आत्या


२५ सप्टेंबर

प्रिय आत्या,

ड्रेस छान बसला. धन्यवाद.

कार्यक्रम झाला. तो वाजवणारा नाही. वाजवणाऱ्या एक वयस्कर बाई होत्या, आणि तो त्यांच्या शेजारी एका लहान खुर्चीत बसून नोटेशनच्या वहीची पानं उलटत होता. एवढंच त्याचं काम. त्याने मला फसवलं. मी मध्येच उठून घरी आले. त्याला ते कळलंही नसेल, कारण त्या चष्म्यातून सभागृह दिसतच नाही. तो चष्मा मीच केलाय, मला माहीत आहे.

आईला सांगितलंय की त्याला परगावी नोकरी लागली. तू पण तसंच सांग. आणि कृपा करून यावर काही लिहू नकोस. विषय संपला.

दुकानात बरं चाललंय.

ठमी


१ ऑक्टोबर

सभागृहात पियानोपाशी बसणाऱ्या मुलास,

तुमचं नाव मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची हौसही नाही. पत्र सभागृहाच्या पत्त्यावर पाठवतेय. तिथे लहान खुर्चीत बसणारा एकच असेल, तेव्हा ते बरोबर पोचेल.

चष्म्याच्या दुकानातल्या मुलीची मी आत्या. तिचं आणि माझं नातं असं, की तिला काटा टोचला तर सुई माझ्या बोटात जाते. तुम्ही तिला मोठा पियानोवादक असल्याचं भासवलंत, पास देऊन बोलावलंत आणि भर सभागृहात तिचा पोपट केलात. पानं उलटण्यात कमीपणा नाही. मी जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांचे गणवेश शिवले, मला कामाची लाज शिकवू नका. लाज खोट्याची असते. मुलीच्या डोळ्यात धूळ फेकायची आणि वर तिच्याकडूनच चष्मा करून घ्यायचा, याला काय म्हणावं?

ती पोर गप्प झाली आहे. जी मुलगी चार पानांखाली थांबत नाही, तिने मला ‘दुकानात बरं चाललंय’ असं लिहिलं. तुम्हाला आईबहीण असेल तर समजेल.

पुन्हा त्या दुकानाची पायरी चढू नका. दांडी सैल झाली तर दुसरीकडे आवळून घ्या.

तिची आत्या


९ ऑक्टोबर

आदरणीय आत्याबाई,

आपलं पत्र मिळालं. सभागृहाच्या पहारेकऱ्याने पाकिटावरचा पत्ता मोठ्याने वाचला आणि थेट माझ्या हातात दिलं, म्हणजे ते बरोबर पोचलं.

मी तिला कधीही म्हटलं नाही की मी वाजवतो. पण ‘नाही’ असंही म्हटलं नाही. तिच्या मालकीणबाई मला कलावंत म्हणाल्या, तेव्हा मी ‘नाही हो’ म्हणणारच होतो. तिच्याकडे बघितलं तर तिचा चेहरा असा उजळला होता की माझं तोंड उघडेना. मग पुढच्या आठवड्यात सांगू, असं करत राहिलो. शेवटी वाटलं, प्रत्यक्ष येऊन बघेल तर सांगायची गरजच पडणार नाही. हा भित्रेपणा झाला. त्याची लाज मला आहे, आणि आपण लिहिलं नसतं तरी असती.

मात्र आपल्या पत्रातलं एक मला जड गेलं. भर सभागृहात मी तिचा पोपट केला, असं आपण म्हणता. त्या दिवशी काय झालं ते आपल्याला तिने सांगितलेलं दिसत नाही, म्हणून सांगतो.

पानं उलटणाऱ्याचे नियम असतात. काळे कपडे, हातात घड्याळ नाही, अंगठी नाही. डाव्या हाताने वरचा कोपरा धरून उभं राहायचं आणि वाजवणाऱ्याने मान हलवली की उलटायचं. लोकांच्या नजरेत आपण भरलो की काम चुकलं समजायचं. आणि सभागृहाकडे कधीही बघायचं नाही. ती म्हणाली होती, मी पिवळ्यात असेन. मी बघितलं. माझ्या चष्म्यातून माणसं दिसत नाहीत हे खरं, पण सगळ्या काळपट धुक्यात एक पिवळा ठिपका होता. मला फार बरं वाटलं. मी दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा तो उठला होता. मग तो रांगेतून कडेला आला आणि दाराकडे जायला लागला.

तेवढ्यात पियानो वाजवणाऱ्या बाईंनी मान हलवली असणार. मला ती दिसली नाही. त्यांना एका हाताने वाजवणं सोडून स्वतः पान उलटावं लागलं. संगीतात भोक पडलं. पहिल्या रांगेतले लोक हसले. व्यवस्थापकांनी पुढच्या कार्यक्रमाला दुसरा मुलगा बघतो म्हणून कळवलंय. कारखान्यातलं काम आहेच, उपाशी मरणार नाही. पण त्या खुर्चीत बसून मी जे ऐकतो ते तिकीट काढूनही ऐकू येत नाही, आणि तिकीट मला परवडत नाही.

मला वाटलं तिला बरं नसेल. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. मालकीणबाई म्हणाल्या, ती आज आली नाही. तिची छत्री खुंटीवर होती. मला वाटलं, ताप अंगावर घेऊन छत्री विसरून गेली असेल. आपलं पत्र वाचल्यावर छत्रीचा उलगडा झाला.

आपल्या सांगण्याप्रमाणे त्या दुकानात येणार नाही. दांडी सैलच आहे, वापरायला अडचण नाही. माझी दोरी तिच्याकडे आहे, ती टाकून दिली तरी चालेल, असं सांगावं.

आपला
पानं उलटणारा


१४ ऑक्टोबर

ठमे,

सोबत त्या मुलाचं पत्र आहे. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? आता मला सांग, मी या वयात तोंड कुठे लपवू? तुझ्या चार ओळींवर विसंबून मी त्या पोराला काय काय लिहिलं, ते आठवलं की मशीनवर बसवत नाही. आईबहीण काढली मी त्याची. आणि त्याने मला ‘आदरणीय’ म्हणून उत्तर धाडलं. एक शब्द वाकडा असता तरी मला बरं वाटलं असतं. काकांना पत्र वाचून दाखवलं. त्यांना हवं तेव्हा दोन्ही कानांनी ऐकू येतं. ते म्हणाले, ‘तू शिवायच्या आधी माप घेतेस ना? मग लिहायच्या आधी का घेतलं नाहीस?’

पण माझं मी बघेन. त्याला माफीचं पत्र आजच टाकलंय, एका पानाचं, सारवासारव न करता. तुझं सांग. तू दुकानातल्या पडद्यामागे होतीस ना, तो आला तेव्हा? छत्री खुंटीवर आणि तू आत. मी तुला ओळखते. लहानपणी बरणी फोडलीस तेव्हाही पलंगाखाली लपली होतीस आणि पाय बाहेर राहिले होते.

त्याने फसवलं असं तू लिहिलंस. त्याच्या पत्रात ते मला कुठे दिसत नाही. काय झालं ते आता तू लिही. मला गोड शब्द नकोत. चोराच्या उलट्या बोंबा मी एकदा ऐकल्या, दुसऱ्यांदा ऐकायच्या नाहीत.

आत्या


२० ऑक्टोबर

प्रिय आत्या,

हो. पडद्यामागे होते.

मालकीणबाईंना मीच सांगितलं होतं, मी नाही म्हणून सांगा. तो ‘बरं आहे ना तिला’ म्हणाला ते मला आतून स्वच्छ ऐकू आलं. मी हातात फ्रेम पुसायचं फडकं धरून उभी होते. तो गेल्यावर बाई म्हणाल्या, कलावंताशी भांडण झालं वाटतं. तेव्हाही मी ‘कलावंत नाही तो’ असं म्हटलं नाही. उलट मान डोलावली. मला तेच हवं होतं ना.

आता त्या दिवसाचं. मी लवकर गेले. असली जागा मी पाहिली नव्हती. मऊ लाल खुर्च्या, आणि माणसं इतक्या हळू बोलत होती की जोरात बोलणं म्हणजे मागच्या दाराने आल्याची खूण. सगळे काळ्या-करड्या कपड्यांत आणि मी एकटी हळदीपिवळी. एकटीने यायला नको होतं, असं बसल्या बसल्याच वाटलं. शेजारी मोत्यांची माळ घातलेल्या एक आजी होत्या. त्यांनी सहज विचारलं, पहिल्यांदाच आलीस का? मला तो प्रश्न टोचला. मी तोऱ्यात सांगितलं, ‘वाजवणारा माझा आहे.’ ओळखीचा आहे, असंही नाही म्हणाले. माझा आहे, म्हणाले. मग गप्प बसवेना. तो किती मोठा आहे, कसा रियाज करतो, हेही सांगितलं. आत्या, मी त्याला रियाज करताना कधी पाहिलं? कुठून आलं ते माझ्या तोंडात?

मग दिवे मंद झाले आणि पिकल्या केसांच्या एक बाई मंचावर आल्या. टाळ्या. त्यांच्या मागून दोन पावलांवर वही घेऊन तो. त्याला टाळ्या नव्हत्या. बाईंनी वाकून नमस्कार केला, तो तसाच उभा राहिला. मग त्या बसल्या आणि तो मागे सरकवलेल्या लहान खुर्चीत बसला. आजींनी माझ्याकडे वळून बघितलं आणि हळूच म्हणाल्या, ‘अच्छा. पानं उलटणारा होय.’ त्या कुत्सित नव्हत्या. माझ्या हातावर थोपटलंही त्यांनी. त्यानेच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संगीताचं मला काही आठवत नाही. मी फक्त त्याच्याकडे बघत होते. तो उठायचा, हात लांब करायचा, उलटायचा, बसायचा. मला तो एखाद्या गड्यासारखा वाटला. मला त्याची लाज वाटली. हे लिहिताना हात थांबला होता, पण लिहिते, मला त्याची लाज वाटली. त्याने खोटं बोलल्याचा राग नव्हता तो. राग मी घरी येताना बसमध्ये तयार केला, कारण तो सांगायला बरा होता.

उठून चालायला लागले आणि दाराशी पोचते तोच मागे ते भोक पडलं. संगीतातलं मला काही कळत नाही, पण ते कळलं. चालत्या माणसाची एक पायरी चुकावी तसं. लोक हसले. मला त्याच क्षणी कळलं की ते माझ्यामुळे झालं. त्याला मी दिसत नाही, तो चष्मा मीच केलाय, हे मी तुला लिहिलं ना, ते तुला नव्हतं लिहिलं. मी स्वतःला समजावत होते. मी मागे वळून बघितलं नाही.

आणि सगळ्यात मोठी गंमत सांगते. दोरी माझ्या खणात होती. पियानो वाजवणारं गिऱ्हाईक आमच्याकडे आधीही आलंय. त्यांचं कागदाचं अंतर कमी असतं, हात लांब केला की कागद. ही दोरी त्याहून चांगली वीतभर लांब आहे. ती शेजारी, मागे सरकून बसणाऱ्या माणसाचीच असू शकते. माझं रोजचं काम हे. दुसऱ्या कुणी असली दोरी आणली असती तर मी तेव्हाच विचारलं असतं की आपण वाजवता की बाजूला बसता. त्याला नाही विचारलं. मला उत्तर नको होतं.

त्याचं पत्र दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचवेना. तू काही म्हण, आता मला त्याची लाज नाही वाटत. माझीच वाटते. मालकीणबाईंनी ‘कलावंत’ म्हटलं की कान तापतात. आईने तर शेजारणीला सांगून ठेवलंय की जावई परदेशी वाजवायला गेला. परगावचं परदेश झालं, ते मालकीणबाईंच्या कानावर गेलं आणि मीही त्यांना ‘हो’ म्हटलं.

मी काय करू?

ठमी


२४ ऑक्टोबर

ठमे,

हे सगळं मला सांगून काय उपयोग? माझं काय बिघडलंय? ज्याचं बिघडलं त्याच्याकडे जा. आणि रडत जाऊ नकोस, नाहीतर तोच तुझी समजूत घालत बसेल. त्या पोराचा स्वभाव तसा दिसतो.

आईचं मी बघते. वहिनीला माझं ऐकायची सवय आहे.

आत्या


३० नोव्हेंबर

प्रिय आत्या,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काही केल्याशिवाय तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

आधी पियानोवाल्या बाईंकडे गेले. त्यांचं घर शोधायला त्रास झाला नाही, पण बेलवर बोट ठेवायला झाला. मी सांगितलं की त्या दिवशी त्याची चूक नव्हती, मी उठून गेले म्हणून ते झालं. त्यांनी मला बसवलं. म्हणाल्या, मला वाटलं डुलकी लागली, आणि डुलकी लागणारा माणूस मला चालत नाही. मग विचारलं, तू उठून का गेलीस? मी म्हटलं, मला वाटलं होतं तो वाजवणार आहे. त्या हसल्या नाहीत. ‘बघू,’ एवढंच म्हणाल्या.

बावीस तारखेला त्यांचा पुन्हा कार्यक्रम होता. मी स्वतःच्या पगारातून तिकीट काढलं. एकटीनेच गेले. पिवळाच घातला. दुसरा घालून लपणं सोपं होतं, पण पलंगाखालून बाहेर राहिलेले पाय मला आठवले. बाई मंचावर आल्या आणि त्यांच्या मागे वही घेऊन तोच आला. मी टाळ्या वाजवत राहिले, बाकीचे थांबले तरी. शेजारचे गृहस्थ बघायला लागले. बघू देत.

त्याने एकदाही मान वर केली नाही. शेवटचं पान उलटेपर्यंत नाही. बरोबर केलं त्याने, हे मला कळत होतं, तरी मला रडू आलं. आणि एक गंमत कळली. तो उठायच्या आधी अर्धा क्षण मला कळायला लागलं की पान येतंय. मी वाजवणं ऐकत नव्हते, त्याला ऐकत होते. कुणाला सांगू नकोस, पण शेवटी शेवटी थोडं वाजवणंही ऐकू आलं.

बाजूच्या दाराशी थांबले. तो आला. मी पाठ करून गेलेलं सगळं विसरले आणि एवढंच म्हणाले, ‘मला तुझी लाज वाटली होती.’

तो म्हणाला, ‘मला ठाऊक आहे. दारापर्यंत पोचायला तुला बराच वेळ लागला. मला वाटलं, वळशील.’

तो बसस्टॉपपर्यंत बरोबर चालला, पण मध्ये आणखी एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. बसमध्ये चढताना मी म्हटलं, दांडी सैल आहे ना अजून? त्याने मान हलवली, पण ती होयची होती की नाहीची ते अंधारात समजलं नाही.

आठवडाभर आला नाही. मी ‘आला नाही तर बरोबरच आहे’ असं रोज म्हणत होते आणि रोज दाराकडे बघत होते. काल आला. दुकानात गर्दी होती. दोन गिऱ्हाइकं बसलेली, एक बाई पोराला घेऊन उभ्या. मालकीणबाईंना त्याला बघून केवढा आनंद झाला. तिथूनच ओरडल्या, या कलावंत, परदेश कसा वाटला? खुर्ची पुढे केली. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो माझ्याकडे बघत होता. या वेळी तो ‘नाही’ म्हणणार होता, मला त्याच्या ओठांवर दिसलं. पण ते त्याने म्हणायचं नव्हतं.

मी म्हटलं, ‘बाई, तो कलावंत नाही. वाजवणाऱ्यांच्या वहीची पानं उलटतो. परदेशीही गेला नव्हता, मीच खोटं सांगितलं होतं.’

खरं सांगू, आत्या? ‘पानं’ म्हणायच्या आधी माझी जीभ अडली. अगदी एवढीशी. ती जुनी लाज तिथे पुन्हा आलीच, मला वाटलं होतं गेली असेल. इतर कुणाला कळलं नसेल, पण त्याचं कामच तेवढी जागा ऐकायचं आहे. त्याला कळलं. मालकीणबाईंचा चेहरा पडला, पोरगं खुदकन हसलं, माझे कान तापून लाल झाले. जमिनीने पोटात घेतलं तर बरं असं झालं होतं. पण पडदा दोन पावलांवर असून मी आत गेले नाही.

तो खुर्चीवर बसला नाही. चष्मा काढून काउंटरवर ठेवला. मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि दांडी आवळली, या वेळी पूर्ण. आता ती आपोआप सैल व्हायची नाही. यायचं असेल तर त्याला काही कारण नसताना यावं लागेल. दोरी खणातून काढून चष्म्याशेजारी ठेवली. दोरी त्याने उचलली नाही.

चष्मा मात्र डोळ्यांवर चढवला आणि काउंटरपलीकडून माझ्याकडे बघितलं. आत्या, तुला आठवत असेल, पहिल्या दिवशी त्याने दोरी ताणली होती ती कुठवर आली होती. त्याच्या पलीकडचं, म्हणजे बाई, गिऱ्हाइकं, रस्ता, सगळं त्याला धूसर दिसत असणार. मी त्या अंतरावर उभी होते. लाल झालेले कान, खाली गेलेली मान, सगळ्यासकट मी त्याला स्पष्ट दिसत होते. मला खूप लाज वाटत होती, पण मी तिथून हलले नाही.

तुझी
ठमी